दारातल्या लग्नाचा व्हिडिओ: आधी आवाज, मग चित्र

मे महिन्यात महाड-पोलादपूर भागात लग्नांची एकच झुंबड उडते. मुंबई-पुण्याचे चाकरमानी सुटी काढून गावी आलेले असतात, दारोदार मांडव पडतात, आंबेनळी घाटातून जावळी-महाबळेश्वरकडची वऱ्हाडे खाली उतरतात आणि इकडची वर चढतात. त्या लग्नांचे व्हिडिओ घरी पोचतात ते गणपतीच्या सुमारास. मग प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी ते तेच असतात. मंगलाष्टके नीट ऐकू का येत नाहीत? हळदीत सगळ्यांचे चेहरे हिरवट का दिसतात? तीन तासांच्या व्हिडिओत नवऱ्याची आजी एकदाही कशी दिसत नाही? पैसे चुकते केले, तरी मूळ चित्रीकरण मागितले की शूटिंगवाला ‘ते आम्ही देत नसतो’ म्हणतो. त्याला तसे म्हणता येते का?

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि घरातला जो पुतण्या किंवा भाचा मोबाइल, कॅमेरा घेऊन उभा राहणार आहे किंवा या धंद्यात नुकताच उतरला आहे, त्याच्यासाठीही. वरचे बहुतेक प्रश्न महागड्या कॅमेऱ्याने सुटत नाहीत. आवाज, उजेड आणि उभे राहण्याची जागा, या क्रमाने लक्ष दिलेत तर साध्या मोबाइलवरही उत्तम व्हिडिओ होतो. ड्रोन आणि स्लो मोशनचा नंबर त्यानंतर लागतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी

शूटिंगची तयारी बॅटऱ्यांपासून नव्हे, विधींच्या यादीपासून करा. एकाच गावात दोन वाड्यांची रीत वेगळी असते, त्यामुळे ‘लग्न म्हणजे काय ते माहीत आहे’ असे धरून चालू नका. घरातल्या सर्वांत जाणत्या बाईजवळ वही घेऊन बसा आणि विचारा:

- देवक कधी बसणार आणि कुठे? त्या वेळी कॅमेरा चालतो का?
- घाणा कधी भरणार? पहिली हळद कोण लावणार? जुनी गाणी म्हणणाऱ्या बायका कोण कोण येणार?
- मुहूर्त किती वाजताचा? मंगलाष्टके भटजीच म्हणणार की घरातलेही कोणी म्हणणार?
- कानपिळी, झाल, सुनमुख यांपैकी तुमच्याकडे काय काय होते आणि कोणत्या क्रमाने?
- वयस्कर माणसे किती, त्यांची नावे काय आणि ती कुठे बसणार?

शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. पाच-दहा वर्षांनी हा व्हिडिओ काढून पाहतात तो मुख्यतः गेलेल्या माणसांसाठी. आजोबा खुर्चीत एका कोपऱ्यात बसलेले असतात, ते उठून कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. कॅमेऱ्यानेच त्यांच्याकडे जायला हवे. हळदीच्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, प्रत्येक वयस्कर माणसाचे अर्धा-अर्धा मिनिट चित्रीकरण करून ठेवा. ‘नवरीचे नाव काय, तुमची कोण लागते?’ एवढे विचारले तरी ते बोलू लागतात.

बौद्ध पद्धतीचे लग्न असेल तर वेगळी तयारी हवी. महाड तालुक्यात अशी लग्ने पुष्कळ होतात. तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना पुष्प वाहणे, त्रिसरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार आणि आशीर्वादाच्या गाथा, हा सगळा विधी थोडक्यात आटोपतो आणि दुसरी संधी मिळत नाही. प्रतिज्ञा हा त्याचा गाभा आहे, म्हणून वधू-वरांच्या तोंडाजवळचा आवाज अगदी स्वच्छ हवा. शिवाय पांढऱ्या कपड्यांमुळे कॅमेरा फसतो: चित्रात पांढरा रंग फार दिसला की ऑटोवरचा कॅमेरा सगळेच काळवंडून टाकतो आणि चेहरे अंधारतात. तिथे उजेडाची पातळी हाताने थोडी वाढवून लॉक करा.

निकाहमध्ये बहुधा वधू वेगळ्या खोलीत, बायकांमध्ये असते. तिची संमती विचारली जाते तो क्षण टिपायचा असेल तर कॅमेरा धरणारी बाईच हवी. घरातल्या एखाद्या मुलीला आदल्या दिवशी शिकवून तयार ठेवा. हळदीतल्या बायकांच्या घोळक्यासाठीही हाच उपाय मला सर्वांत चांगला वाटतो. मुलगी कॅमेरा घेऊन बसली की बायका मोकळ्या गातात.

आवाज: इथेच बहुतेक व्हिडिओ फसतात

मांडवात भोंगे लावलेले असतात. भटजींच्या हातातला माइक, साउंडवाल्याने वाढवलेला आवाज, शेजारी जेवणाच्या भांड्यांचा खणखणाट, आणि वीस फुटांवर उभा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकला मंगलाष्टकांचा फक्त गोंगाट मिळतो, आणि तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण स्वच्छ होत नाही. म्हणून आवाज कॅमेऱ्यापासून वेगळा आणि बोलणाऱ्याच्या जवळ घ्या. पर्याय तीन आहेत:

१. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून थेट रेकॉर्डरमध्ये घेणे. आवाज सर्वांत स्वच्छ येतो. मात्र आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन पिना जुळतात का ते पाहा. मुहूर्ताच्या वेळी तो तुमचे ऐकायला मोकळा नसतो.

२. कॉलरचा छोटा माइक. तो नवऱ्याच्या शेरवानीला लावतात, पण मुंडावळ्या आणि हार त्याला घासतात आणि खरखर होते. भटजींच्या उपरण्याला, छातीच्या थोडा वर लावलात तर मंत्र, सूचना आणि नवरा-नवरीचा ‘होय’ असे सगळे मिळते. गर्दीत शेकडो मोबाइल चालू असताना स्वस्त वायरलेस माइक मधेच तुटतात, तेव्हा स्वतःतच रेकॉर्ड करून ठेवणारा माइक मिळाला तर तोच घ्या.

३. काहीच नसेल तर घरातला जुना मोबाइल. व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा, एअरप्लेन मोड लावा आणि बोहल्याशेजारी, पण भोंग्यापासून दूर, स्वच्छ रुमालावर ठेवा. एवढ्यानेही फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

कोणताही मार्ग घेतलात तरी आवाजाची पातळी ऑटोवर ठेवू नका. पातळी दाखवणारा काटा साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळावा आणि मोठ्या आवाजालाही शून्याला भिडू नये. वरच्या टोकाला जाऊन फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, हळू आलेला मात्र वाढवता येतो. सगळी यंत्रे सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. पुढे संकलनात वेगवेगळे आवाज आणि चित्र जुळवायला ती टाळी लागते.

खालूबाजा किंवा बेंजो पार्टीचे चित्रीकरण करताना ढोलाच्या समोर उभे राहू नका. दहा-बारा फूट बाजूला सरका, म्हणजे सनईही ऐकू येते. वरातीत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे लक्षात ठेवून वेळापत्रक आखा. घाटावरून यायचे वऱ्हाड उशिरा पोचले की पहिला बळी वरातीच्या चित्रीकरणाचाच जातो.

एक आग्रह मनापासून करतो. घाणा भरताना आणि हळद दळताना वयस्कर बाया जी गाणी म्हणतात, ती पूर्ण रेकॉर्ड करा. दोन ओळी घेऊन कॅमेरा बंद करू नका आणि वर सिनेमाचे गाणे चढवू नका. ही गाणी कोणाच्या वहीत नाहीत. ती पाठ असणाऱ्या बाया वाडीवाडीत आता मोजक्याच उरल्या आहेत. गाणे संपले की म्हणणारीचे नाव आणि माहेरचे गाव तिच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या.

उजेड आणि रंग

हळदीतल्या हिरवट चेहऱ्यांचे कारण सोपे आहे. चित्रात पिवळा रंग भरपूर दिसला की ऑटो व्हाइट बॅलन्स तो कमी करू पाहतो आणि चेहरे फिके, निळसर-हिरवट करून टाकतो. त्यात मांडवाचे छत रंगीत असेल तर त्याची छटा वरून डोक्यावर आणि खांद्यावर पडते, बाजूने खरा दिवसाचा उजेड येतो, आणि एकाच चेहऱ्याचे दोन रंग होतात. हे नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून मांडववाल्याला आधीच सांगा: बोहल्याच्या आणि हळदीच्या जागेच्या वर पांढरे कापड हवे, रंगीत झालरी बाजूला लावा. याला जास्त पैसे पडत नाहीत, आणि व्हिडिओवर याचा जेवढा परिणाम होतो तेवढा नव्या कॅमेऱ्याचाही होत नाही.

बाकीच्या गोष्टी अशा:

- जिथे विधी होणार तिथे पांढरे धोतर किंवा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा आणि लॉक करा. जागा बदलली, की पुन्हा ठरवा.
- दुपारच्या मुहूर्ताला उघड्या मांडवात नवरा-नवरीच्या मागे अंगण पांढरेफटक दिसते आणि ते दोघे काळे. बोहल्याच्या मागच्या बाजूला जाड पडदा बांधून घ्या.
- आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलेत आणि सेकंदाला २५ फ्रेम निवडल्यात तर चित्रात पट्टे येत नाहीत.
- हाताशी व्हिडिओ लाइट असेल तर तो समोरून डोळ्यांवर मारू नका. बाजूने, डोळ्यांच्या थोडा वरून, आणि मध्ये पातळ पांढरे कापड. जुन्या हॅलोजनजवळ मात्र कापड आणू नका, ते पेट घेते.
- लाल शालू आणि जरीची चमक ऑटोमध्ये जळून जाते. उजेड चेहऱ्यावर पाहून ठरवा, साडीवर नको.

कुठे उभे राहायचे

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. लगेच हार, वर अक्षतांचा पाऊस, आणि पुढच्या श्वासाला सगळे नातेवाईक मोबाइल उंचावून बोहल्याभोवती. या वेळी कॅमेरावाला अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत हवा. म्हणजे कापड धरलेले असताना एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी दिसते आणि ते हटताच दोघांचे चेहरे एकाच चौकटीत येतात. नवऱ्याच्या मागे उभे राहिलात तर त्याचा फेटा आणि पाठच मिळते.

दोन कॅमेरे किंवा दोन मोबाइल असतील तर एक ट्रायपॉडवर, बाकावर चढवून सहा-सात फूट उंच ठेवा, सगळे बोहले दिसेल अशी चौकट धरा आणि मग त्याला हात लावू नका. हातातला दुसरा कॅमेरा चुकला तरी विधी वाचतो. ट्रायपॉडचे पाय मांडवाच्या खांबाला दोरीने बांधा, मुले त्याखालून पळतातच. एक सूचना मुहूर्ताआधी माइकवरून यजमानांकडूनच द्यायला सांगा: अक्षता टाकून होईपर्यंत बोहल्यासमोर कोणी उभे राहू नये. शूटिंगवाल्याने सांगितले तर राग येतो, यजमानांचे ऐकतात.

बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत सलग चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबते. मंगलाष्टके सुरू व्हायच्या आधी मुद्दाम थांबवून नव्याने सुरू करा. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासही पुरत नाही. दारातल्या लग्नाला फुल एचडी पुरेसे आहे, हे माझे स्पष्ट मत.

हार घातल्यावर दोघे सरळ समोर पाहतात असा एक स्थिर फोटो आठवणीने घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी करताना पत्रिकेबरोबर तोच लागतो.

मोबाइलवरच काढणार असाल तर

- मोबाइल आडवा धरा. उभे रील हवे असेल तर त्यासाठी दुसरा मोबाइल ठेवा.
- एअरप्लेन मोड लावा. मुहूर्ताच्या वेळी ‘घाटात अडकलोय’ म्हणून कोणा मामांचा फोन आला की चित्रीकरण तुटते.
- एचडीआर व्हिडिओ बंद करा. तो बऱ्याच टीव्हींवर फिका दिसतो आणि संकलनात रंग बिघडतात.
- चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस लॉक करा.
- झूम करू नका, चालत पुढे जा. प्रत्येक दृश्य दहा सेकंद न हलता धरा, मगच दुसरीकडे वळा.
- भिंग पुसा. हळद, तेल आणि घाम यांनी लग्नघरातले प्रत्येक भिंग धुरकट होते.

घाट, वळीव आणि ड्रोन

पोलादपूर ते महाबळेश्वर हा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता. वरची थंड हवा आणि खालचा उकाडा यांत इतका फरक असतो, की वरून आणलेला किंवा एसी गाडीतून काढलेला कॅमेरा मांडवात उघडताच भिंगावर दव धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास आधी पोचा, मग उघडा. मेच्या उत्तरार्धात वळीव कधीही येतो, तेव्हा प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या आणि कोरडा टॉवेल जवळ हवाच. वीज गेली तर जनरेटर येईपर्यंतच्या वेळेसाठी चार्ज केलेल्या बॅटऱ्या लागतात.

घाटात वऱ्हाडाची गाडी थांबवून वळणावर चित्रीकरण करू नका आणि खिडकीतून अर्धे बाहेर येऊन तर मुळीच नको. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी येतात आणि वाहतूक बंद ठेवावी लागते. त्या दिवसांतले प्री-वेडिंग घाटाऐवजी सावित्रीकाठी, आमराईत किंवा घराच्या पडवीत करा. रायगड किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे व्यावसायिक चित्रीकरणाला आणि ड्रोनला आधी परवानगी लागते. महाराजांची समाधी आहे त्या गडावर प्री-वेडिंग करूच नये, असे मला वाटते.

ड्रोन हवाच असेल तर ड्रोनवाल्याला तीन गोष्टी विचारा. ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनची नोंदणी होऊन ओळख क्रमांक मिळाला आहे का? २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, ते आहे का? आणि ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर तुमचे गाव हिरव्या क्षेत्रात येते का? हिरव्या क्षेत्रात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. डोंगरउतारावरची एक अडचण मैदानात शिकलेल्या ड्रोनवाल्याला ठाऊक नसते. ड्रोन दाखवतो ती उंची जिथून उडाला तिथून मोजलेली असते. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगर चढत जातो, पडद्यावर ‘४० मीटर’ दिसत असताना समोर झाड किंवा विजेची तार येते. उडवायचे तर दरीच्या बाजूला उडवा, आणि माणसांच्या डोक्यावर तर नकोच.

संकलन: दोन व्हिडिओ करा

एकाच व्हिडिओत सगळ्यांना खूष करायला गेले की तीन तासांचे काहीतरी तयार होते, जे कोणीच पूर्ण पाहत नाही. त्याऐवजी दोन करा. एक ‘पूर्ण’: सगळे विधी क्रमाने, आवाजासकट, स्लो मोशन आणि उडत्या फुलांशिवाय. हा घरासाठी. दुसरा चार-सहा मिनिटांचा, मित्रमंडळींना पाठवण्यासाठी. हौस तिथे करा.

काम या क्रमाने करा:

१. त्याच रात्री सगळी कार्डे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, काही फाइली उघडून पाहा, आणि दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

२. दिवस आणि विधीनुसार फोल्डर करा: हळद, देवक, मुहूर्त, पाठवणी, वरात.

३. मोबाइलचे चित्रीकरण असेल तर ते आधी स्थिर फ्रेम-गतीत बदलून घ्या. मोबाइल सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे अर्ध्या तासाने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करते.

४. टाळीवरून आवाज जुळवा. मग आधी फक्त आवाज ऐकत पूर्ण व्हिडिओ लावा, चित्र त्यानंतर कापा.

५. रंगांत प्रथम सगळे कॅमेरे एकमेकांशी जुळवा आणि त्वचा खरी दिसते का ते पाहा. गोरेपणाचा फिल्टर लावू नका. सावळी नवरी सावळीच दिसली पाहिजे. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती रंगांच्या कामाला भरपूर आहे, मात्र संगणक दमदार लागतो.

६. नावे लग्नपत्रिकेवरून जशीच्या तशी घ्या आणि घरच्यांकडून वाचून घ्या. मराठी अक्षरांत वेलांटी उडी मारते किंवा जोडाक्षर तुटते, ते बहुधा जुन्या फॉन्टमुळे. मुक्ता किंवा बालूसारखा युनिकोड फॉन्ट वापरा. ‘प्रीमियर प्रो’ वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा.

शेवटी व्हिडिओ कोणत्या टीव्हीवर पाहणार हे विचारा. गावातल्या अनेक जुन्या टीव्हींना नवा एचईव्हीसी प्रकार चालत नाही, म्हणून एच-२६४ मध्ये काढा. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. सेकंदाला ८ मेगाबिटने काढलेला तासाभराचा भाग साधारण ३.६ जीबीचा होतो, तेव्हा तासाचा एक असे भाग पाडा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्राचा चोथा होतो.

पैसे, करार आणि तुमचे हक्क

ओळखीचा माणूस असला तरी एका कागदावर लिहून घ्या. दोघांच्याही भल्याचे आहे. त्यात हे हवे:

- कोणते दिवस, कोणते विधी, किती कॅमेरे, किती माणसे
- आवाज वेगळा घेणार की नाही
- पूर्ण व्हिडिओ किती दिवसांत देणार, दुरुस्त्या किती वेळा करून देणार
- मूळ चित्रीकरण देणार की नाही, आणि किती महिने सांभाळणार
- जाहिरातीसाठी किंवा रीलसाठी तुमचे चेहरे वापरायचे का
- आगाऊ रक्कम किती, उरलेली कधी. सगळी रक्कम आधी देऊ नका. व्हिडिओवाल्यानेही उरलेल्या पैशांसाठी वर्षभर हेलपाटे का घालावेत? शेवटचा हप्ता व्हिडिओ हाती देताना, असे दोघांनी ठरवावे.

आता मूळ चित्रीकरणाचा प्रश्न. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन छायाचित्र किंवा चित्रफीत काढून घेतली आणि उलट करार नसला, तर तिच्या प्रताधिकाराचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्हाला न विचारता तुमच्या लग्नाचा व्हिडिओ जाहिरातीत वापरण्याचा अधिकार शूटिंगवाल्याला आपोआप मिळत नाही. पण प्रताधिकार तुमचा असणे वेगळे आणि न कापलेल्या सगळ्या फाइली हातात मिळणे वेगळे. त्यासाठी करारात ओळ हवीच. नसेल तर लग्नाआधीच बोलून घ्या.

गाण्यांविषयीही गोंधळ आहे. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवणे हे त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रताधिकाराचा भंग ठरत नाही, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले. ती सवलत समारंभात वाजवण्यापुरती आहे. सिनेमाचे गाणे व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकलेत तर आवाज बंद होणे, व्हिडिओ अडवला जाणे किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाला जाणे, यांपैकी काहीही होऊ शकते. त्याऐवजी तुमच्याच मांडवातला खालूबाजा आणि हळदीची गाणी वापरा. ती पुरली नाहीत तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे.

व्हिडिओ दिलाच नाही, हरवला किंवा ठरल्यापेक्षा फारच वेगळा दिला, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. आधी लेखी पत्र किंवा मेसेज पाठवून मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे लग्न पोलादपूरला झाले आणि तुम्ही ठाण्यात राहता, तर अलिबागला जाण्याची सक्ती नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. करार, पैसे दिल्याचे पुरावे आणि मेसेज सांभाळून ठेवा.

प्रती: २२ जुलै २०२१ विसरू नका

त्या दिवशी सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत कपाटे, संगणक, अल्बम असे सगळे पाण्याखाली गेले. एकाच घरात ठेवलेल्या तीन प्रती अशा वेळी तिन्ही जातात. म्हणून एक प्रत गावच्या घरी वरच्या माळ्यावर, एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे, आणि जमले तर एक ऑनलाइन ठेवा. पेनड्राइव्ह ही साठवणीची वस्तू नाही, ती फक्त टीव्हीला लावण्यासाठी. दर दोन-तीन वर्षांनी डिस्क जोडून फाइली उघडतात का ते पाहा. भिजलेली हार्ड डिस्क उन्हात वाळवून संगणकाला जोडू नका. चालू केली की उरलेलेही जाते. ती तशीच डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

आणि ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आहेत, त्यांनी त्या या उन्हाळ्यातच बाहेर काढाव्यात. कोकणच्या दमट हवेत त्यांच्या फितीवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर प्लेअरमध्ये घालू नका, तशाच डिजिटल करून देणाऱ्याकडे द्या. पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकून घ्या.